दिसेल ते उचलायचं

पारमिताला कुणी नुसतं विचारलं, "मॅडम, ते तुमचे जुने खेळ, ते कुठनं सुरू करायचे हो?" की त्या माणसाचा पाऊण तास गेला म्हणून समजा. ती खुर्ची ओढून बसणार, समोरच्यालाही बसवणार आणि वैद्यानं नाडी बघावी तशी चौकशी सुरू करणार. घराला कुलूप लावल्यावर परत ओढून बघता का? अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं, की वस्तूंशी झटायला? काही अडलं तर चिडता, की गप्प बसता? आणि एवढं सगळं ऐकून मग एकच खेळ सांगणार. दोन नाही, तीन नाही. एकच. "हा संपवा, मग या."

बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब ती सांभाळते. वय त्रेचाळीस. नवरा युवराज रेल्वेत, लोंढ्याला ड्युटी, शनिवार-रविवारी घरी. मुलगी पुण्याला शिकते. टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट. लॅब ती उत्तमच सांभाळते, पण कॉलेजात तिचं नाव आहे ते या खेळांपायी. त्यात बंदुका नाहीत, गाड्यांच्या शर्यती नाहीत. पडद्यावर एक चित्र असतं, खोलीचं नाहीतर गल्लीचं. माउसचा बाण फिरवायचा आणि हवं त्यावर टिचकी मारायची. दार उघडतं, माणूस बोलायला लागतो, खुंटीवरची वस्तू आपल्या झोळीत येते. मग त्या वस्तूचं करायचं काय, हे डोकं खाजवून शोधायचं. तीस-तीस वर्षांपूर्वीचे खेळ, चित्रं भरड, आवाज पिपाणीसारखा. पण एकदा गोडी लागली की सुटत नाही. तापट म्हणून नावाजलेले कॉलेजचे हेडक्लार्क तिनं सांगितलेला खेळ खेळून निवळले, असं स्वतः त्यांची बायको सांगते. आता बोला!

नव्या माणसाला ती दोन नियम सांगायची. एक, अडलं म्हणून इंटरनेटवर उत्तर बघायचं नाही. दुसरा, दिसेल ते उचलायचं. "विचारत बसू नका. सुतळी असो, सुरी असो, कुणाच्या टेबलावरचा चष्मा असो. उचला, झोळीत टाका. पुढं कामाला येतं." हा दुसरा नियम सांगताना ती हमखास हसायची आणि समोरचाही हसायचा.

ही गोडी तिला लागली ती निपाणीला, दहावीनंतर, एका साडीच्या दुकानावरच्या कॉम्प्युटर क्लासात. त्या क्लासात तिला घातलं आईनं. आई सोनुबाई, तंबाखूच्या वखारीत निवडायला जायची. सकाळी गेलेली बाई दिवेलागणीला यायची, लुगड्याला, केसाला, श्वासाला तंबाखूचा वास. आली की आधी अंघोळ, मग चूल. वखारीत काय झालं, हे तिनं घरात कधी काढलं नाही. "कसा गेला दिवस?" म्हटलं तर "गेला की" एवढंच. पारमिताला वाटायचं, आई मुळातच कमी बोलणारी. असतात काही माणसं तशी.

तर ही सोनुबाई गेल्या पावसाळ्यात निपाणीच्या घरी न्हाणीत पाय घसरून पडली. एकटीच राहायची. शेजारची मालुबाई दुपारी डोकावली म्हणून कळलं, तोवर सकाळपासनं तशीच फरशीवर पडून होती. मनगट मोडलेलं. पारमितानं त्याच दिवशी तिला बेळगावला आणलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की आता हिला परत पाठवायचं नाही. पुन्हा पडली आणि मालुबाई गावाला गेलेली असली तर?

सोनुबाईचं मात्र दुसऱ्याच आठवड्यापासून पालुपद सुरू झालं. "मला निपाणीला सोड की गं." हात बरा झाला तरी तेच. खायला-प्यायला होतं, टीव्ही होता, गच्चीवर ऊन होतं. पण बाई फ्लॅटबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. सुरुवातीला खाली जाऊन दूध आणायची, तेही बंद केलं. भिंतीकडं तोंड करून बसायची. बोलायची ती फक्त धुण्याभांड्याला येणाऱ्या राजाबाईशी, तेही हळू आवाजात, आणि पारमिता आली की दोघी गप्प. "तुला इथं काय कमी आहे?" असं पारमितानं दहादा विचारलं. "कमी काय न्हाय," एवढंच उत्तर.

मग एका शनिवारी दुपारी, युवराज त्या आठवड्यात ड्युटीमुळं लोंढ्यालाच अडकला होता तेव्हा, पारमिताच्या डोक्यात आलं, की आपण अख्ख्या गावाला खेळ सांगतो आणि घरात आई भिंत बघत बसते. अडाणीच म्हणायची की आपण! तिनं लगेच आईची नाडी बघितली. आईला माणसं आवडतात. घाई आवडत नाही. हात निवडणारीचा, म्हणजे बारीक कामाला पक्का. मग तिनं सगळ्यात गोड, सगळ्यात सोपा, जिथं मरण नाही की हरणं नाही, असा खेळ निवडला. एका नावाड्याची होडी फुटते, तो बेटावर अडकतो. होडी दुरुस्त करून त्याला घरी जायचंय. बेटावर एक दीपगृह आणि तिथं एक म्हातारा.

सोनुबाईनं हात धुऊन पुसून मग माउस धरला. थोड्या वेळात बाण कुठं न्यायचा हे तिला जमलं. खेळ इंग्रजीत, म्हणून पारमिता शेजारी बसून सगळ्यांचे आवाज काढत होती, आणि दीपगृहाचा म्हातारा अस्सल निपाणीचं बोलत होता. "कोण रं त्यो? उनातनं आलास, आत ये की! वाईच पानी पी."

सोनुबाई खुदकन हसली. आल्यापासून पहिल्यांदा! पारमिताला तर आनंदानं रडूच यायला लागलं. "ह्येला इचार, एकटाच राहतोस व्हय म्हनावं," सोनुबाई म्हणाली. "जेवलास का, त्ये बी इचार." खेळात असा प्रश्न नव्हता, पण पारमितानं आपल्या पदरचं उत्तर दिलं, की म्हाताऱ्याची लेक शहरात असते आणि तो एकटाच भाकरी थापतो. दोघी हसत होत्या. मग म्हातारा खुर्चीत पेंगायला लागला. त्याच्या मागं भिंतीवर दोरीचं भेंडोळं टांगलेलं होतं. ती दोरी घेतल्याशिवाय पुढं सरकता येत नाही.

सोनुबाईनं बाण दोरीवर नेला आणि हात थांबवला.

"ही कुणाची?"

"त्या म्हाताऱ्याची."

"मग त्येला उठीव की."

"तो उठत नाही गं. तू उचल."

"न इचारता?"

"अगं आई, खेळ आहे हा! उचल बिनधास्त. कुणी बघत नाही."

तापल्या तव्याला लागावा तसा सोनुबाईनं हात मागं घेतला. लेकीकडं वळली. तिचे डोळे एवढे मोठे झालेले पारमितानं कधी बघितले नव्हते.

"काय म्हनालीस?"

"काय?"

"कुणी बघत न्हाय म्हनून उचल?" सोनुबाईचा आवाज चिरका निघाला. "ज्यानं घरात घेतलं, पानी दिलं, त्येचा डोळा लागल्यावर? आनि ह्ये तू लोकांस्नी शिकीवतीस? कालिजातल्या पोरांस्नी?"

पारमिता हसण्यावारी न्यायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. आई उठून आत गेली आणि रात्री जेवायलासुद्धा नको म्हणाली.

पारमिता स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि मनातल्या मनात खेळ चाळायला लागली. आईला चालेल असा दुसरा एखादा. पेंगणाऱ्या पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली. विधवेच्या बागेतलं फावडं. देवळातली मेणबत्ती. एका खेळात तर आंधळ्याची काठी! ती काठी हाताला लागली तेव्हा क्लासात तिनं टाळ्या वाजवल्या होत्या, हे आठवून तिचे कान गरम झाले. अरे देवा, एकही नाही? सव्वीस-सत्तावीस वर्षं आपण जीव टाकला ते सगळे खेळ परक्याच्या घरात शिरून वस्तू ढापण्याचे? आणि हे आपल्याला आजवर एकदाही खटकलं नाही? ती स्वतःवरच थक्क झाली.

पण हार मानेल ती पारमिता कसली! रविवारी सकाळी तिला सुचलं. चोर नको ना? मग पोलीस घेऊ. एका इन्स्पेक्टरचा खेळ होता, डोंगरावरच्या हॉटेलातला. तिथं उतरलेल्या श्रीमंत बाईचा हार जातो आणि इन्स्पेक्टर तो शोधून काढतो. सगळं कायद्यानं. आईला ते आवडेलच, अशी तिची खात्री. विनवण्या करून तिनं आईला पुन्हा बसवलं. "ह्यात आपण चोर नाही हं आई. चोराला पकडणारे."

"बघू," सोनुबाई म्हणाली.

चित्र उघडलं. नोकरांची खोली. भिंतीला पाठ लावून एक मोलकरीण उभी, खाली मान. पायाशी तिची पत्र्याची पेटी. पारमिता रंगात येऊन इन्स्पेक्टरच्या जाड आवाजात म्हणाली, "ए बाई, पेटी उघड! आणि हात वर कर!"

सोनुबाई ताडकन उभी राहिली. खुर्ची मागं पडली. तिच्या तोंडावर रंग म्हणून राहिला नव्हता.

"बंद कर त्ये."

"आई, काय झालं?"

"बंद कर आदी!"

पारमितानं लॅपटॉप मिटला. सोनुबाई टेबलाला धरून उभी होती.

"एकात चोरी करनारा. दुसऱ्यात झडती घेनारा. जिची झडती घेत्यात, तिच्या अंगानं खेळायचा खेळ न्हाय व्हय गं तुज्याकडं?"

ज्या बाईनं कधी कुणाला 'माहीत नाही' म्हणून परत पाठवलं नव्हतं, तिनं मनातले सगळे खेळ पुन्हा चाळले. तसा खेळ तिनं बघितला नव्हता. कुणी विचारलाही नव्हता.

आणि मग सोनुबाई बोलली. खाली बसली, पदर गुडघ्यावर घेतला आणि भिंतीकडं बघत बोलली. आमच्या वखारीत रोज संध्याकाळी सुटताना दाराशी रांग लागायची. हात वर करायचे. लुगड्याच्या ओच्यात तंबाखू बांधून नेत्यात म्हणून चाचपायचे. पहिली काही वर्षं चाचपणारा बाप्या असायचा. लई भांडलो, तवा बाई आली. पण झडती गेली न्हाय. कधी पानाचा तुकडा निघाला न्हाय माझ्याकडं, तरी रोज. "तू इचारायचीस, कसा गेला दिस. काय सांगू तुला? म्हनून घरात पाय टाकला की आदी अंगावर पानी घ्यायची."

अंघोळ तंबाखूच्या वासामुळं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. गेल्या महिन्यात आईला ओढूनताणून कापडाच्या मोठ्या दुकानात नेलं, तेव्हा दारातल्या शिपाई बाईनं काही म्हणायच्या आत आईनं दोन्ही हात वर केले होते. पारमिता त्यावर हसली होती. चांगली मोठ्यानं हसली होती.

"आई, मला कधी सांगितलंच नाहीस."

"सांगून काय करायचं हुतं? ते गेलं. आता सत्तर पार केली, आता कोन झडती घेतंय, असं वाटायचं." सोनुबाईनं दाराकडं बोट केलं. "तुज्या बिल्डिंगीत घेतली की."

"काय?"

"आले त्या पयल्या आठवड्यात. दुधाला म्हनून कापडी पिशवी घिऊन खाली उतरले. त्यो वाचमन, शामू. 'ए बाई, पिशवी दाव,' म्हनाला. कामवालीच वाटले त्येला. माजं लुगडं आनि राजाबाईचं लुगडं एकासारकंच की. मी पिशवी उघडली आनि प्लास्टरच्या हातासकट दोनी हात वर केले. पोरगं बिचारं घाबरलं. 'हात खाली करा आजी, तेवढं न्हाय लागत,' म्हनालं. माजी मलाच लाज वाटली बघ."

पुढचं पारमिताला माहीत होतं, आणि ते आईला माहीत नसावं, एवढीच तिची आशा होती.

आई यायच्या आदल्या वर्षी, दिवाळीआधी, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची अंगठी हरवली. सोसायटीची मीटिंग भरली, जो तो कामवाल्यांवर घसरला. पोलिसात जाऊ, सगळ्या बायका बदलू. तेव्हा पारमिता उठली होती. कोडी सोडवण्यात हुशार म्हणून सगळे तिच्याकडं बघत होते आणि तिलाही ते आवडलं होतं. "एवढं कशाला? जाताना फक्त पिशव्या बघायला सांगा गेटवर. दोन दिवसांत कोडं सुटेल," असं ती म्हणाली होती. लोक 'वा' म्हणाले. अंगठी चौथ्या दिवशी बाईंच्याच पिठाच्या डब्यात सापडली. नियम तसाच राहिला. तो मोडायला कुणी उठलं नाही आणि पारमिता तर विसरूनच गेली होती.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "तो नियम..."

"तूच काढलास. ठावं हाय मला," सोनुबाई शांतपणे म्हणाली. "राजाबाईनं तवाच सांगितलं. तिला वाटलं, मी तुला सांगून बंद करीन."

"मग बोलली का नाहीस? चार महिने?"

"काय बोलू? लेकीच्या घरात ऱ्हायचं, लेकीचं खायचं, आनि लेकीला म्हनायचं तू वखारीच्या मालकासारकी वागलीस?" आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी झडती सोसली ती तू त्या रांगंत उभी ऱ्हाऊ नये म्हनून गं. तू रांगंच्या भायेर आलीस. लई ग्वाड वाटलं. पर तू त्या बाजूला जाऊन उभी ऱ्हाशील, ह्ये मला सपनात बी न्हवतं."

पारमिताला वाटलं, आईनं एक कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. ती आईच्या पायाशी बसली आणि मोकळेपणानं रडली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण "ऱ्हाते" म्हणाली नाही.

दुपारीच पारमितानं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की पिशव्या बघणं आजपासून बंद करा. आणि बंद करायचं नसेल तर सगळ्यांच्या बघा, आपल्याही. नियम मीच सुचवला होता, चूक माझी आहे. काय गदारोळ उठला म्हणता! एकानं लिहिलं, मॅडम बऱ्या आहेत ना? दुसऱ्यानं, आपल्या पिशव्या वॉचमननं बघायच्या? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी डोळे विस्फारलेल्या चेहऱ्यांची रांगच टाकली. सेक्रेटरींनी शेवटी निर्णय दिला, की विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ, तोवर नियम चालू.

"थांब की आई मीटिंग होईपर्यंत," पारमिता म्हणाली. "मी बंद करून दाखवते."

"कर. जरूर कर. पर मी उद्या जाते."

"आणि परत पडलीस तर? ह्या वेळी मालुबाई आली नाही तर?"

"तर पडले," सोनुबाई म्हणाली. "मरनाचं भ्या न्हाय मला. पर रोज त्या दारातनं जायाचं भ्या वाटतं, म्हनून तर भायेर पडत न्हवते."

सोमवारी सकाळी पारमितानं कॉलेजातून सुट्टी काढली. दोघी खाली उतरल्या. आईच्या हातात तिची कापडी पिशवी, पारमिताच्या खांद्याला पर्स. सकाळचं काम आटोपून राजाबाईही मागोमाग उतरली. आता शामूला सोनुबाई कोण हे माहीत होतं. तो खुर्चीतून उठला, "जावा आजी, सावकाश जावा," म्हणाला.

सोनुबाई गेली नाही. तिनं पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि पिशवीचं तोंड उघडलं.

"बघ."

"नको आजी! तुमी म्याडमच्या आई."

"आदी न्हवते व्हय?"

शामूची मान खाली गेली. पण सोनुबाई हलेना, तेव्हा त्यानं वाकून बघितल्यासारखं केलं. दोन लुगडी, गोळ्यांची पट्टी, मालुबाईसाठी गोड म्हणून कुंदा. मग राजाबाईनं सवयीनं आपली पिशवी पुढं केली, तीही त्यानं बघितली.

पारमितानं खांद्यावरून पर्स काढली. टेबलावर ठेवली, चेन ओढली, दोन्ही बाजू फाकवून धरल्या.

"बघ, शामू."

शामू दोन पावलं मागं सरला. हात पाठीमागं घेतले, जणू चुकून पर्सला लागतील.

"न्हाय म्याडम. तुमची न्हाय."

"मी सांगते आहे ना? बघ."

"तुमची बघितली तर मला कामावरनं काढत्याल, म्याडम." त्याला खरंच घाम फुटला होता. "पाया पडतो, आत घ्या ती."

पारमिता पर्स उघडी धरून उभी राहिली. पार्किंगमधून गाडी काढणारे एक साहेब काच खाली करून बघत होते. राजाबाई तोंडाला पदर लावून बघत होती. शामू डोळे वर करून झाडाकडं बघत होता, पर्सकडं मात्र बघत नव्हता, आणि काही केल्या बघणार नव्हता.

"चल गं," सोनुबाईनं आपली पिशवी उचलली. "त्येच्या पोटावर का आनतीस? बस चुकंल."

ती गेटातून बाहेर पडली आणि रिक्षाला हात केला. पारमितानं पर्सची चेन लावली नाही. तशीच उघडी पर्स खांद्याला अडकवून ती आईच्या शेजारी रिक्षात बसली.